निवड

जुने कमांडर कर्नल खर्डेकर चहाला हात लावेनात. कॅप्टन शेवाळेंच्या नकली पायावर त्यांची नजर खिळली होती. "लढाईत तुला त्या टेकडीवर मी धाडलं, ते चुकलंच. माफ कर मला, पोरा."

कॅप्टनचं डोकं सणकलं. बावीस वर्षं 'बिचारा' म्हणणाऱ्यांना त्यांनी फाट्यावर मारलं होतं. आता खुद्द साहेबही त्याच रांगेत?

"माफी कसली, साहेब? जायला सहा जणांनी स्वतःहून हात वर केले होते, त्यातून तुम्ही मला निवडलंत. टेकडी घेतली का नाही मी?"

"घेतलीस की."

"मग तो मान हिसकावू नका. आज परत निवडायचं झालं, तर कुणाला धाडाल?"

म्हाताऱ्याची पाठ ताठ झाली आणि लढाईतला तो करडा आवाज घरभर घुमला, "तुलाच, गाढवा! दुसरं होतं कोण?"