आज्जीचा लीव्ह

"पुस्तक चुकलंय," बनुबाईनं निकाल दिला. "लीव्ह म्हंजे सोडून जानं? कुना शान्यानं लिवलंय गं ह्ये?"

दाराच्या आत तिसरीतली शिवांजली कडी लावून बसली होती आणि बाहेर तिची ही आज्जी, उंबऱ्यावर. अंगणात शेजारच्या नाथाजीची जीप उभी होती. दीड तासात बनुबाईच्या फौजी लेकाला, इंद्रजितला, मिरज स्टेशन गाठायचं होतं आणि त्याची लेक त्याचं तोंड बघायला तयार नव्हती. तीनदा हाक मारून तो हिरमुसून जीपमध्ये जाऊन बसला होता. असाच गेला, तर तो तिकडं सरहद्दीवरच्या बर्फात कसा राहील आणि ही इकडं कशी जेवेल, या घोरानं बनुबाईचा जीव वरखाली होत होता.

कारण काय, तर एक शब्द. इंद्रजित महिनाभर इथं कुंडलला, घरी होता. जो भेटेल त्याला सांगायचा, "लीव्हवर आलोय." पोरीला वाटलं, लीव्ह म्हणजे काहीतरी झकासच असणार. आज दुपारी अभ्यासाला बसली, तर शब्दार्थाच्या पुस्तकात तोच शब्द निघाला. पुढं मराठीत अर्थ छापलेला: सोडून जाणे. पुस्तक तिथंच टाकून ती आत गेली ती गेलीच.

"पप्पा पहिल्या दिवसापासून सांगत होते," आतून हुंदका आला. "सोडून जायलाच आलेत म्हणून. मलाच कळलं नाही."

बनुबाई चौथी पास. इंग्रजीशी तिचा संबंध नव्हता, पण हा एक शब्द तिच्या हक्काचा होता. लग्न झालं तेव्हा तिचा नवरा आकाराम पलटणीत होता. वर्षातून एकदा पत्रात यायचं, 'लीव्ह मंजूर झाली.' एवढं वाचलं की बनुबाई पुढचं वाचायला थांबायची नाही. अंगण सारवायचं, भिंतींना पांढरी माती द्यायची, पुरणाची डाळ निवडायला घ्यायची. लीव्ह म्हणजे माणूस घरी येणं. हा तिचा अर्थ बावीस वर्षांत एकदाही खोटा ठरला नव्हता. लहानपणी इंद्रजितसुद्धा दारात बसून विचारायचा, "आये, आबा कवा लीव्ह?" आणि आता हे दीडशे रुपयांचं पुस्तक तिला अर्थ शिकवणार!

ओसरीवर आकाराम पानाला चुना लावत होता. बनुबाईनं त्यालाच पंच केलं.

"आवं, तुमीच सांगा हिला. लीव्ह म्हंजे घरी येनं का न्हाई?"

आकारामनं पान गालात सारलं. "दोनी हाय."

"म्हंजी?"

"रजेला बी लीव्हच म्हनत्यात, सोडून जान्याला बी लीव्हच."

"ह्ये तुमाला कवापासनं ठावं?"

"भरती झालो तवापासनं."

"आनि इतकी वर्सं मला सांगितलं न्हाई?"

"कशाला सांगायचं?" आकाराम म्हणाला. "तुजा अर्थ बरा हुता."

म्हातारपणी गाल तापतात ते बनुबाईला आजच कळलं. एरवी तिनं नवऱ्याची चांगली खरडपट्टी काढली असती, पण नाथाजीनं हॉर्न दिला. ती पुन्हा दाराला लागली. तिला काय सांगावं सुचेना. पुस्तकही खरं आणि आपणही खरं, हे आठ वर्षांच्या पोरीला कसं पटवायचं? मग एकाएकी ती सरसावून बसली.

"शिवा, तुजा पप्पा निगताना काय म्हनंल गं?"

"येतो म्हणतील."

"जातो न्हाई म्हननार?"

"जातो नाही म्हणायचं. तूच ओरडतीस."

"बग म्हंजे! पाय भाईर पडत्यात आनि त्वांड म्हनतंय, येतो. आपन जान्याला येनं म्हनतो. त्या इंग्रजानं येन्याला जानं म्हटलं. त्येची खोपडी उलटी, पर मानूस त्योच की गं! जानारा बी त्योच, येनारा बी त्योच."

बाहेर जीप सुरू झाली. सासूची वाट बघून सुनेनं भडंगाची पिशवी इंद्रजितच्या मांडीवर ठेवली आणि ती बाजूला झाली. बनुबाईनं हात टेकले. तिचं सगळं इंग्रजी आणि सगळं मराठी संपलं होतं.

तेवढ्यात कडी वाजली. शिवांजली बनुबाईच्या अंगावरूनच उडी मारून बाहेर पळाली. जीप फाटकाच्या बाहेर वळली होती. पोरगी अनवाणी रस्त्यावर गेली आणि सगळा दम एकवटून ओरडली.

"पप्पा, लीव्ह! लवकर लीव्ह!"

नाथाजीनं करकचून ब्रेक दाबला. दोन वर्षं कॉलेज केलेला माणूस तो. असल्या इंग्रजीला चकणारा नव्हता. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली. "आरं इंद्रा, पोरगी बापाला चालता हो म्हनत्या की रं!"

बनुबाई धापा टाकत फाटकापर्यंत पोचली होती. तिनं पाहिलं, इंद्रजित जीपमधून खाली उतरला होता. एका हातानं डोळे पुसत होता आणि दुसरा हात लेकीसाठी पसरला होता.

"न्हाई गड्या," तो म्हणाला. "आमच्या आयेचं इंग्लिश हाय त्ये. ये म्हनत्या."