अंड्याचा वार

बुधवारी शाळेत उकडलेलं अंडं मिळे, न खाणाऱ्यांना केळं. कर्नाटकातल्या कोप्पळच्या नीलव्वाच्या घरी अंड्याचं नावही चालत नसे. तिने नेहमीसारखं केळं शेजारच्या हुलिगेम्माला देऊन तिचं अंडं घेतलं आणि अर्धं तोंडात कोंबलं. तेवढ्यात तिचे वडील, अप्पा, वर्गाच्या दारात आले, मागे भावकीतली सात-आठ माणसं. "आमची पोरं बाटवताय काय?" एकजण बाईंवर ओरडला. "ज्याचं पोर अंडं खाईल, त्याचं घर वाळीत टाकू!" नीलव्वाला घास गिळवेना, थुंकवेना. उरलेलं तिने मुठीत दाबलं. अप्पा तिच्यासमोर उकिडवे बसले. "तोंड उघड." तिने डोळे मिटून तोंड उघडलं. थप्पड आलीच नाही. अप्पांचा खरखरीत अंगठा तिच्या ओठावरचा बलक पुसत होता. "काय खातेय तुझी पोर?" मागून कुणीतरी विचारलं. "केळं," अप्पा म्हणाले. तिची मूठ त्यांनी पंजात झाकली.