टोचलेला पेरू

शेजारच्या पेरूवर येणाऱ्या पोपटांचे फोटो काढायचा करुणाला नाद होता, पण एकही पोपट क्षणभर धड बसत नसे. आज मात्र कुंपणावरून अंगणात आलेल्या फांदीवर एक पोपट पिसं फुगवून गप्प बसला होता. ती हातभर अंतरावर गेली तरी उडाला नाही.

"काका, बघा की, कसा छान बसलाय!"

"बसंल न्हाय तर काय! टोचलेल्या पेरूंना कालच उंदराचं औषध चोळलंय. अर्धा टाकून जातंय आन् तोच खायला परत येतंय," कुंपणापलीकडून धोंडिरामकाका हसले.

तेवढ्यात घरातून सासूबाईंनी हाक मारली.

 

"करुणा, पोपटानं टोचलेला पेरू लई गोड असतोय म्हणून दीक्षाला भरवला. ये, बघ की, तुझी नाचरी पोर आज कशी गुमान बसलीया!"