पुसलेले आकडे

“कोणी पुसले हे आकडे?”

मी विचारलं तेव्हा पियानोचे नवे सर खोडरबराचा चुरा फुंकून उडवत होते. कुठला सूर कुठल्या बोटाने वाजवायचा, ते माझ्या बायकोने रेनीसाठी पेन्सिलीने वहीत लिहून ठेवलं होतं.

“चुकीचे होते, काका. चौथं बोट कुठेच नाही. असं कोणी शिकवतं का?”

“तिच्या आईने शिकवलं. पोरीचं करंगळीशेजारचं बोट लहानपणी दारात चेमटलंय, ते वाकत नाही. खोडण्याआधी तिचा हात तरी बघायचा होता!”

सर गोरेमोरे झाले. रेनी रडायलाच लागली. परीक्षा आठ दिवसांवर आली होती आणि तीच ओळ सगळ्यात अवघड होती. “आता विचारायला मम्मी कुठून आणू, पप्पा?”

मला पियानोतलं काही कळत नाही. पण शेवटचे दोन महिने हॉस्पिटलात बायको हीच ओळ माझ्या हातावर वाजवत होती. स्वतःचं चौथं बोट दुमडून, आकडे मोठ्याने म्हणत. अडलं की पुन्हा पहिल्यापासून. मी वैतागायचो, आता झोप म्हणायचो. ती ऐकायची नाही.

मी बाही वर सारली, हात पियानोवर आडवा ठेवला आणि डोळे मिटले.

“सर, पेन्सिल घ्या. तुम्ही पुसलंत, तुम्हीच लिहा. तीन, पाच, तीन, दोन...”