चौदावं पाकीट

चौदावं पाकीट परत आलं तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. इस्पितळात दादाला भेटायची वेळ चार ते सहा, आणि ऑपरेशन उद्या सकाळी आठला.

भिंगरावांनी पाकीट जेवणाच्या टेबलावर आपटलं. पत्त्यावर लाल शाईची काट. बाजूला नेहमीचाच शेरा: ‘या नावाचा इसम सापडत नाही.’ खाली तिकडच्या पोस्टमनची फराटेदार सही, तिच्याखाली दोन उभ्या रेघा आणि त्यांच्यावर एक आडवी. टपाल खात्याची कसलीतरी खूण.

“लेकाचा शोधायला तरी गेला असेल का?” ते करवादले. “बसल्या जागी लाल शाई फासतो झालं!”

भिंगराव हे नाव बँकेतल्यांनी ठेवलेलं. एकतीस वर्षं त्यांनी भिंगाखाली लोकांच्या सह्या तपासल्या आणि निवृत्त झाल्यावर खेळाडूंच्या सह्या टपालाने जमवायचं वेड डोक्यात घेतलं. एक पत्र, एक कोरं कार्ड आणि स्वतःचा पत्ता घालून तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. मग महिनोन्‌महिने दाराकडे डोळे. बहुतेक जण उत्तरच देत नसत. एका धावपटूकडून रबरी शिक्का मारलेलं कार्ड आलं. एका पैलवानासाठी त्याच्या मेहुण्यानेच सही ठोकली होती. ती भिंगरावांनी मिनिटभरात पकडली आणि वर खरमरीत पत्रही धाडलं. खोटी सही आपल्या नजरेतून सुटत नाही याचा त्यांना गर्व होता, आणि तो ते लपवतही नसत.

पण ही चौदा पत्रं छंदापायी नव्हती.

दादा, म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, एके काळी फुटबॉल संघाचा कप्तान होता. अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला गोलकीपरच्या दोन पायांमधून चेंडू गेला आणि हातातोंडाशी आलेला कप गेला. त्या संध्याकाळी सगळ्यांदेखत दादा त्याला म्हणाला, “पुन्हा मला तोंड दाखवू नकोस.” गोलकीपरने ते अक्षरशः पाळलं. त्याला आता अडतीस वर्षं झाली.

गेल्या वर्षी हृदयाचं दुखणं लागलं तेव्हा दादाने धाकट्याला जवळ बसवलं. “एवढ्या सह्या मागवतोस, त्याची एक मागव. माफी वगैरे लिहायला नको. नुसती सही केली तरी मी समजेन.”

क्लबच्या जुन्या वहीत गावाकडचा पत्ता मिळाला. पाठवणाऱ्याच्या जागी भिंगराव दादाचं नाव ठळक अक्षरात घालत, म्हणजे बघताक्षणी ओळख पटावी. पाकिटं परत येतात हे मात्र त्यांनी दादाला कळू दिलं नाही. “वाट बघतोय,” एवढंच सांगत. परतलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर बायको किराण्याच्या याद्या करायची, आणि याद्या दुकानातच राहायच्या.

“अहो, तुम्हीच करा सही,” बायको म्हणाली.

“मी?”

“मग काय, मी करू? उद्या त्यांना टेबलावर घेणार. आज हात हलवत जाणार आहात का?”

“नमुना कुठाय? त्याची सही मी जन्मात पाहिलेली नाही. दादाला विचारावं तर त्याला संशय येणार.”

“अडतीस वर्षांपूर्वीची सही कुणाच्या ध्यानात राहते? चष्म्याशिवाय त्यांना घड्याळ दिसत नाही.”

भिंगरावांनी घड्याळाकडे पाहिलं. मग रद्दी कागद ओढून त्यांनी गोलकीपरचं नाव गिरवायला घेतलं. एक सही फार टापटीप झाली, एक बायकी वाटली, एक तर हुबेहूब त्यांच्या जुन्या मॅनेजरची. बाविसाव्या सहीला हात जरा मोकळा झाला. तीन वाजता त्यांनी श्वास रोखून कार्डावर सही केली आणि पेन असं खाली ठेवलं, जणू ते चोरीचं होतं. आयुष्यभराच्या इमानाची माती झाली, असं त्यांना मनापासून वाटलं. कार्ड दुमडू नये म्हणून बायकोने ते पुठ्ठ्यासकट पुन्हा त्याच पाकिटात सरकवलं आणि पाकीट पिशवीत टाकलं.

इस्पितळातल्या खाटेवर दादा उशीला टेकून बसला होता. धाकट्याच्या हातात कार्ड दिसताच तो सरळ झाला.

“आली?”

“आली.” भिंगराव खिडकीकडे बघत म्हणाले. रिकामं पाकीट त्यांनी घाईघाईत पांघरुणावर टाकलं होतं.

दादाने चष्मा लावला. कार्ड जवळ धरलं, लांब धरलं. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं.

“छान आहे,” तो म्हणाला. “पण ही त्याची नव्हे रे.”

“दादा, वयाबरोबर सही बदलते. मला विचार, जन्म गेला त्यात.”

“बदलत असेल. पण तो सहीखाली गोलपोस्ट काढायचा. दोन खांब आणि वर दांडी. हजेरीच्या वहीतसुद्धा. आम्ही किती चिडवायचो त्याला!”

दादाने कार्ड परत ठेवण्यासाठी पाकीट उचललं, आणि त्याचा हात तसाच थांबला. तो ती लाल शाई कितीतरी वेळ वाचत राहिला. त्याचं बोट शेऱ्यावरून खाली उतरत गेलं आणि त्या तीन रेघांवर येऊन टेकलं.

“म्हणजे पोस्टात लागला होता तर,” तो पुटपुटला. डोळे भरून आले होते. “किती पत्रं पाठवलीस?”

“चौदा,” भिंगराव मान खाली घालून म्हणाले. “सगळी अशीच परत आली. तुला सांगवेना.”

दादाने पाकीट छातीशी धरलं.

“मग बाकीची तेरा कुठे आहेत?”