आलेखातला उंचवटा

मुलगी प्रयोगशाळेतून आली ती थेट माझ्या टेबलाशी. हातात तिचा छपाईला जाणारा शोधनिबंध आणि माझी प्रयोगांची जुनी वही होती.

"बाबा, फवारलेलं बुरशीनाशक चौदा दिवसांत पानातून नाहीसं होतं, असं तुम्ही लिहिलं होतंत ना?"

"हो. तेवढा एकच तर शोध आहे माझ्या नावावर."

"ते नाहीसं होत नाही. पानात त्याचं दुसरंच द्रव्य बनतं आणि ते फळ तोडेपर्यंत टिकतं." तिने वही उघडून माझ्या जुन्या आलेखातल्या एका बारीक उंचवट्यावर बोट ठेवलं. "हे बघा, तुम्हालाही दिसलं होतं."

त्याखाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'माझ्याकडून बाटली नीट धुतली गेली नसावी.'

"तुमच्याकडून? चहाचा कप तीनदा विसळता तुम्ही!"

मी तिचा निबंध वाचून काढला. आकडे चोख होते. शेवटी मात्र तिने लिहिलं होतं, 'आधीच्या निष्कर्षाचा फेरविचार व्हावा, असे वाटते.' मी पेन्सिल घेतली, ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, 'आधीचा निष्कर्ष चुकीचा आहे.'

तिचा चेहरा उतरला. "अहो बाबा, खाली संदर्भात तुमचं नाव आहे. निदान ते तरी काढू का?"

"काढतेस कशाला? चांगलं पूर्ण घाल," मी म्हणालो. "आपल्या दोघांचं आडनाव एकच आहे, हे वाचणाऱ्याच्या लक्षात यायला नको?"