हसण्याचा मध्यक

कुणाच्या घरात जास्त हसतात, यावर फडतऱ्यांची आणि शेजारच्या बुचड्यांची पैज लागली. हरेल त्यानं सोसायटीच्या पार्किंगमध्ये अर्धी मिशी उडवायची.

घरांच्या भिंतींतले सेन्सर प्रत्येकाचं हसणं मोजायचेच, आणि सातवीच्या पोरांना गणिताच्या तासाला तोच डेटा मिळायचा. फडतऱ्यांची सातवीतली तेजू पार्किंगमध्ये निकाल सांगायला उभी राहिली.

"बुचडेकाका जिंकले."

"काय? अगं, मी दिवसभर खिदळतो! सरासरी काढ की!"

"सरासरी आपलीच जास्त आहे, पप्पा. पण बाई म्हणाल्या, एकटाच फार हसत असेल तर सरासरी फसवते. मग सगळ्यांना ओळीनं लावून मधल्याचा आकडा घ्यायचा. तुम्ही रोज आमची टर उडवून साठदा हसता. आईचा शून्य. माझापण."

बुचड्यांनी हातातला वस्तरा खिशात ठेवला.

"जाऊ दे रे, पैज रद्द," बुचडे म्हणाले.

"नाही. काढ वस्तरा." फडतरे खुर्चीत बसले.

अर्धी मिशी गेली तशी सगळी सोसायटी हसून लोळली. त्यांची बायको शैला टॉवेल घेऊन आली आणि गालावरचा फेस पुसू लागली.

"आता तरी हस की गं," फडतरे हळूच म्हणाले.

"येत नाही हो," ती म्हणाली.